अंगणाचे काँक्रीट : ठेकेदाराशी बोली कशी करावी?

कापडाच्या बाजारात कोणी नुसता मीटरचा भाव सांगितला तर आम्ही व्यापारी लगेच विचारतो, रीड किती, पीक किती, सूत कोणत्या काउंटचे? हे कळल्याशिवाय मीटरच्या भावाला काही अर्थ नसतो. पण हाच व्यापारी घरासमोरच्या अंगणात काँक्रीट करून घेतो तेव्हा चौरस फुटाचा दर ऐकतो, त्यात दोन-पाच रुपये कमी करवून घेतो आणि इसार हातावर ठेवतो. जाडी किती, माल कोणत्या प्रमाणाचा, खाली काय भरणार, हे कागदावर तर सोडाच, तोंडीही ठरलेले नसते. ठेकेदार मोहल्ल्यातला, ओळखीचा, कधी सोयरा. त्याच्याकडे कागद कसा मागायचा, हा संकोच असतो.

मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी यांसारख्या गावांत घर आणि धंदा बहुधा एकाच फाटकाच्या आत असतो. अंगणातच सुताची पोती उतरतात, कापडाचे तागे चढतात, टेम्पो मागे-पुढे होतो. म्हणून आमच्या बांधवांच्या दृष्टीने हे काम म्हणजे घराच्या शोभेचा किरकोळ खर्च नाही.

चौरस फुटाचा दर कसा फसवा असतो ते हिशोबानेच पाहू. अंगण २० फूट बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट धरा. जाडी ४ इंच ठेवली तर सुमारे १६७ घनफूट काँक्रीट लागते. ३ इंच ठेवली तर १२५ घनफूट. आता मालाचे प्रमाण पाहा. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी या प्रमाणाला एम-२० म्हणतात. ४ इंच जाडीला या प्रमाणाने ५० किलोच्या सुमारे ३८ गोण्या सिमेंट, पाऊण ब्रासच्या आत-बाहेर वाळू आणि जवळपास १.४ ब्रास खडी लागते. तेच अंगण एकास दोन, चार या हलक्या प्रमाणाने आणि ३ इंच जाडीने केले तर साधारण २२ गोण्यांत भागते. दोन्ही अंगणे ५०० चौरस फूटच भरतील आणि पहिल्या दिवशी सारखीच दिसतील. मधल्या १६ गोण्या कोणाच्या खिशात राहिल्या हे मात्र पुढच्या पावसाळ्यातच कळते.

म्हणून तीन ठेकेदारांचे भाव मागवायचे असतील तर आधी आपला एक कागद तयार करावा आणि तिघांनाही तोच द्यावा. त्यात जाडी लिहावी. पायी ये-जा, स्कूटर आणि लहान कार यांसाठी ४ इंच पुरेत. भरलेला टेम्पो उभा राहणार असेल तर ५ ते ६ इंच हवेत. मालाचे प्रमाण किंवा ग्रेड लिहावी. खालची भराई लिहावी. साहित्य कोण आणणार, पाणी कोण मारणार, राडारोडा कोण उचलणार, तेही लिहावे. या कागदावर जे तीन भाव येतील त्यांचीच तुलना होऊ शकते. वेगवेगळ्या मालाचे तीन भाव समोर ठेवून सर्वांत स्वस्त निवडणे ही बचत नाही.

ठेकेदाराचे जुने काम पाहायचे तर कालचे पाहू नये. कापडाची परीक्षा धुतल्यावर होते, तशी अंगणाची दोन पावसाळ्यांनंतर होते. शक्य असल्यास पाऊस पडून गेल्यावर जावे. पाणी कुठे साचते, चाकांच्या वाटेवर भेगा आहेत काय, वरचा पापुद्रा सुटला आहे काय, हे डोळ्यांना दिसते. घरमालकाला एवढेच विचारावे की तक्रार केल्यावर हा माणूस पुन्हा आला होता काय?

आता खालच्या भराईकडे वळू, कारण बहुतेक अंगणे खालूनच बिघडतात. मालेगाव, सोलापूरकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचे काँक्रीट कितीही चांगले असले तरी त्याला उचलते आणि सोडते. तिथे निदान एक-दीड फूट काळी माती काढून मुरूम भरावा. मुरूम एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकावा, पाणी शिंपडावे आणि धुम्मस करावी किंवा लहान रोलर फिरवावा. त्यावर दगडाचे सोलिंग करून फटी मुरमाने भराव्यात. कोकणपट्टीत जमीन बरी असली तरी पाऊस फार, म्हणून तिथे पाण्याच्या निचऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ढाळ दर फुटाला पाव इंच ठेवला की पाणी थांबत नाही. तो घराच्या भिंतीपासून दूर हवा आणि शेजाऱ्याच्या दारातही जाता कामा नये. पाण्यावरून होणारी भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. फाटकाबाहेरचा उतार नगरपालिकेच्या गटारावर चढवू नये, कारण गटार साफ करताना तो फोडला तर भरपाई मागायला जागा राहत नाही. आणखी एक गोष्ट, माल टाकण्यापूर्वी अंगणाखालून एक-दोन रिकामे पाइप आडवे घालून तोंडे बंद करून ठेवावीत. उद्या नळाची किंवा विजेची लाइन न्यायची झाली तर अंगण फोडावे लागणार नाही.

काम भरायच्या दिवशी मालकाने किंवा घरातील एखाद्या जाणत्या मुलाने तिथे उभे राहावे. मिस्त्रीला उपदेश करण्याची गरज नाही. फळ्या बसल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणावी आणि दोरीपासून खालच्या भराईपर्यंत आठ-दहा जागी टेपने मोजावे. कडेला ४ इंच आणि मधे अडीच इंच हा प्रकार इथेच पकडला जातो. नंतर अंगण फोडल्याशिवाय कळत नाही. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचावे. तीन महिन्यांहून जुने सिमेंट बरेच बळ गमावून बसलेले असते. रिकाम्या गोण्या मालकाच्या ताब्यात राहतील असे आधीच ठरवावे, म्हणजे संध्याकाळी मोजता येतात. वाळू घमेल्याने मोजली तर कामगार थकला की घमेलेही हलके-भारी होते. त्याऐवजी लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा वापरावा. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या फर्म्यात बरोबर एक गोणी सिमेंट मावते. मग एक गोणी, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी, हा हिशोब शाळकरी मुलालाही ठेवता येतो.

वाळूत माती किती आहे हे पाहण्यासाठी काचेच्या बरणीत वाळू आणि मिठाचे पाणी घालून हलवावे व तीन तास ठेवावे. वर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या एकूण उंचीच्या शंभरात आठ भागांहून जास्त असेल तर ती वाळू परत करावी. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रश सँड घेण्यास हरकत नाही, पण ती धुतलेली असावी आणि तिच्यात नुसती भुकटी नसावी.

सर्वांत जास्त बिघाड पाण्याने होतो. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून कामगार पाणी ओततात. सन २००० च्या भारतीय मानक ४५६ मध्ये एम-२० च्या या ठरीव प्रमाणासाठी एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पातळ माल वरून गुळगुळीत दिसतो, पण कमजोर राहतो. मग वर आलेले पाणी शोषण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरतात. तोच थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. हे काम कागदातच मना करावे. अंगण घोटून चकचकीतही करू नये. वर खराटा हलकेच ओढून खरखरीत ठेवावे. पावसाळ्यात शेवाळ धरते आणि घरातील वडीलधारे पहाटे अंधारात नमाजला निघतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

काँक्रीट आक्रसते, भेग ही पडणारच. ती आपण ठरवू तिथे पडावी म्हणून ८ ते १० फुटांवर जोड ठेवतात. ४ इंच जाडीला एक इंच खोल काप दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने घ्यावा, किंवा एक खण सोडून एक खण भरावा. घराच्या भिंतीशी अंगण चिकटवू नये, मधे थर्माकोलची पट्टी घालावी. रेडीमिक्स मागवणे सोयीचे आहे, पण मोहल्ल्याच्या गल्लीत गाडी वळते का ते आधी पाहावे आणि चलानावर ग्रेड व भरल्याची वेळ वाचावी.

पैशाबाबत आमचे मत स्पष्ट आहे. साहित्य ठेकेदाराचे असेल तर इसार त्याला पहिला माल आणता येईल इतकाच द्यावा. भराई व सोलिंग तपासल्यावर एक हप्ता, माल टाकून झाल्यावर मोठा हप्ता आणि शंभरातले पंधरा-वीस रुपये पंधरा दिवसांनी. पण तो शेवटचा हप्ता काम ठीक असताना अडवून ठेवणे हाही अन्यायच होय. कामगारांचा आठवड्याचा पगार त्या पैशातून निघतो. मधेच दोन फूट जागा वाढवायची, पायरी करून घ्यायची आणि ‘त्याच भावात’ म्हणायचे, ही सवय आपल्यातील अनेकांना आहे. वाढीव काम त्याच कागदाखाली भावासह लिहावे. ठेका घेणाऱ्या बांधवांनीही हा कागद अविश्वास समजू नये, कारण दर तोडून मागणाऱ्या गिऱ्हाइकापासून तोच त्यांना वाचवतो.

आमच्या पाहण्यातील एका मुआमल्यात दोन सोयऱ्यांमध्ये असाच व्यवहार झाला होता. पहिल्याच पावसाळ्यात टेम्पोच्या चाकांखाली अंगण खचले. फोडून पाहिले तर फाटकाशी ४ इंच आणि मधे त्याहून बरेच कमी निघाले. ठेकेदार म्हणाला, तुम्ही दिलेल्या दरात एवढेच बसते. मालक म्हणाला, मी चांगले काम सांगितले होते. मोहल्ल्यातील वडीलधारे मध्यस्थीला बसले. पण ठरले काय होते हेच कोणाला सांगता येईना, तेव्हा निवाडा कशाचा करणार? दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. दोन घरांचे येणे-जाणे मात्र बंद झाले.

पाणी मारणे मालकाने स्वतःकडे घेतले असेल तर त्याची जबाबदारीही त्याचीच. आजकाल बहुतेक सिमेंट पीपीसी असते, त्याला निदान १० दिवस ओल हवी, उन्हाळ्यात १४. मातीच्या बारीक आळी करून पाणी भरावे किंवा ओले गोणपाट पसरावे. दिवसातून दोनदा पाइप फिरवला की झाले, असे नसते. मधे कोरडे पडले की नुकसान होते. दुसऱ्या दिवशी पायी चालता येते, कार दोन आठवड्यांनी आणि भरलेला टेम्पो २८ दिवसांनी आत घ्यावा. तेवढे दिवस माल कुठे उतरवणार याची सोय आधी करून ठेवावी.

एप्रिल-मेच्या दुपारी माल टाकू नये. टाकावाच लागला तर फजरनंतर लगेच सुरुवात करून ऊन चढण्याआधी आटपावे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. चांगले मिस्त्री त्या महिन्यांत रिकामे सापडत नाहीत, म्हणून बोलणी पावसाळ्यातच सुरू करावीत. त्यांची जुनी अंगणे पाहायलाही तेव्हाच सोपे जाते.