क्युबन सिगारची पेटी घरी आली. पण आज पेटवू नका

गेल्या मे महिन्यात वाळूजला कारखाना असलेल्या माझ्या एका मित्राचा मेहुणा दुबईहून आला. येताना त्याने पंचवीस क्युबन सिगारची पेटी आणली होती. मुंबईला विमान उतरलं, तिथून समृद्धी महामार्गाने गाडी, आणि संध्याकाळी पेटी छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात मित्राच्या घरी. रात्री जेवणं आटोपून आम्ही चौघे गच्चीवर बसलो आणि लगेच एकेक पेटवली. दहा मिनिटांत माझ्या सिगारचं वरचं पान तोंडाजवळून उकललं. मित्राच्या सिगारला मधोमध उभी चीर गेली. धूर गरम, चव कडवट, जिभेला चटका. चौघांनीही अर्ध्यावरच टाकून दिल्या. आज आपल्याकडे एका बऱ्या क्युबन सिगारला दोन-अडीच हजार रुपये सहज पडतात, म्हणजे पाऊण तासात आठ-दहा हजारांची राख झाली. उरलेल्या एकवीस मी डब्यात बंद करून ठेवायला लावल्या. पाच आठवड्यांनी त्यातलीच एक काढली. ती शेवटपर्यंत एकसारखी जळली, आणि तिच्यात देवदाराचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास होता. पेटी तीच, तंबाखूही तोच. मधल्या काळात बदललं ते पानातलं पाणी.

म्हणून उत्तर आधीच सांगतो. आपल्या शहरात बाहेरून आलेली सिगार ठेवावीच लागते. उन्हाळ्यात चार ते पाच आठवडे, हिवाळ्यात तीन, पावसाळ्यात दोन. मुंबई-पुण्यातल्या नीट सांभाळणाऱ्या दुकानातून स्वतः जाऊन घेतलेली असेल आणि येताना हवाबंद पिशवीत असेल, तर चार-पाच दिवस पुरे.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लोणचं मुरतं तशी सिगारही मुरते. पण त्याला वर्षं लागतात, आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. आपण बोलतोय ते स्थिरावण्याबद्दल. प्रवासात पानातलं पाणी कमी-जास्त झालेलं असतं. बाहेरचं पान कोरडं आणि आतला भराव ओलसर, किंवा त्याच्या उलट. हा फरक मिटून सगळ्या थरांत पाणी सारखं झालं, की सिगार ओढण्याजोगी होते. त्याला वर्षं नाही, आठवडे लागतात. आणि ते पैसे टाकून लवकर होत नाही.

तंबाखूच्या पानाचा हा स्वभाव आपल्याकडच्या लोकांना चांगला ठाऊक आहे. निपाणी भागातले शेतकरी उन्हात वाळलेला तंबाखू भर दुपारी गोळा करत नाहीत. पहाटे दव पडून पान नरम झालं की मगच हात लावतात, नाहीतर त्याचा चुरा होतो. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका तेंदूपान आधी भिजवून मगच कापायला घेतात. सिगारमध्ये तर तीन थर असतात: आतला भराव, त्याला बांधून धरणारं पान आणि सगळ्यांत वर कागदासारखं पातळ आवरण. भराव फुगला की पहिल्यांदा फाटतं ते हे आवरण, आणि दुकानात तुम्ही बरेचसे पैसे मोजता तेही त्याच्याच देखणेपणासाठी.

आता आपली हवा बघा. एप्रिल-मेच्या दुपारी छत्रपती संभाजीनगरात हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. सिगारला हवी साधारण पासष्ट टक्के. विमानाच्या आतली हवा याहून कोरडी, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टीच. एवढ्यावर संपत नाही. आपल्या घरोघरी उन्हाळ्यात कूलर चालतो. कूलर सुरू असताना त्याच खोलीतली आर्द्रता सत्तरच्या वर जाते, आणि वीज गेली की तासाभरात पुन्हा खाली येते. कूलरच्या खोलीत उघडी ठेवलेली सिगार दिवसातून दोनदा फुगते आणि दोनदा आकसते. मित्राकडच्या पेटीत नंतर आणखी दोन सिगारना चिरा दिसल्या. डब्यात जाण्याआधी ती पेटी दोन रात्री कूलरसमोरच्या टीपॉयवर होती. पावसाळ्यात उलट त्रास. आर्द्रता ऐंशीच्या पुढे, पापड सादळतात, गुळाची ढेप पाझरते आणि सिगारला बुरशी लागते.

मग सिगार स्थिरावली हे ओळखायचं कसं? बहुतेक जण बोटांनी दाबून बघतात. कुरकुर आवाज आला तर कोरडी, दाबलेला खड्डा तसाच राहिला तर ओली, हलकेच परत उठला तर ठीक. हे चूक नाही, पण बोटांना तो अंदाज यायला दोन-चार पेट्या वाया जातात. माझी पद्धत साधी: वजन करा. सराफ लोक वापरतात तसा एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा चारशे-पाचशे रुपयांत मिळतो. रोबुस्तो नावाने विकली जाणारी आखूड, जाड सिगार चांगल्या अवस्थेत साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते. पण हाताने वळलेल्या दोन सिगारचं वजन कधीच सारखं नसतं. म्हणून तिच्या वजनाची तुलना तिच्याच आधीच्या वजनाशी करायची. गेल्या मेमध्ये मी तीन सिगारच्या कागदी पट्ट्यांवर पेन्सिलने एक, दोन, तीन असे आकडे घातले. पहिल्या दिवशी पहिलीचं वजन १०.७२ ग्रॅम होतं. आठव्या दिवशी ११.०५, सोळाव्या दिवशी ११.३१, सव्विसाव्या दिवशी ११.४६. पुढचा आठवडाभर काटा तिथेच राहिला. वजन वाढायचं थांबलं, म्हणजे पान आणि डब्यातली हवा यांची देवाणघेवाण संपली. त्यानंतर आठवडाभर आणखी ठेवा आणि ओढा.

खर्चाचं बोलू. सिगारसाठी महागडी लाकडी पेटी लागते असा समज आहे. आपल्याकडे बरी लाकडी पेटी सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत जाते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिच्या झाकणाच्या फटीतून ओलावा निघून जातो. मी ती घेऊ नका असंच सांगेन. स्वयंपाकघरात वापरतात तसा रबरी कडेचा, क्लिपांचा हवाबंद डबा घ्या. दहा लिटरचा डबा गुलमंडीच्या बाजारात चारशे-पाचशेला मिळतो. नवा कोराच घ्यायचा, मसाल्याचा जुना चालणार नाही, कारण पान वास चटकन ओढून घेतं. साध्या पाण्याने धुऊन दोन दिवस उघडा ठेवा. आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र तीन-चारशे रुपयांना. आणि आर्द्रता राखणारी पुडी, म्हणजे ओलावा जास्त झाला तर शोषणारी आणि कमी पडला तर सोडणारी. साठ ग्रॅमची एक पुडी सहाशे ते आठशे रुपयांना पडते आणि पंचवीस सिगारना पुरते. फक्त पाणी सोडणारे जेलचे मणी स्वस्त असतात, पण ते वाढलेला ओलावा परत घेत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांनीच बुरशी होते. पुडी पासष्ट टक्क्यांची घ्या. सिगार फारच कोरडी आली असेल तर पहिले दहा दिवस अठ्ठावन्न टक्क्यांची, मग पासष्टची, म्हणजे भराव एकदम फुगून आवरण फाटत नाही.

काट्यासकट हा सगळा संच दोन हजारांच्या आसपास बसतो. पुढे वर्षाला दोन पुड्या, म्हणजे बाराशे ते सोळाशे रुपये. एक सिगार फाटण्यापासून वाचली की पैसे वसूल.

आर्द्रता मोजणाऱ्या स्वस्त यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते पाच-सात टक्के चुकीचं दाखवू शकतं. ते घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून नुसतं ओलसर करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि यंत्र एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाजवळची हवा नेहमी पंचाहत्तर टक्क्यांवर येते. यंत्राने सत्तर दाखवलं तर ते पाचने कमी सांगतंय, हे लक्षात ठेवून पुढचा आकडा वाचा.

डबा ठेवायचा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर. माळ्यावर कधीच नाही. फ्रिजमध्येही उघड्या ठेवू नका. तिथली हवा कोरडी असते आणि लसणाचा वास पानात उतरतो. सिगार मूळ पेटीसकट डब्यात ठेवा, पेटीचं झाकण बोटभर उघडं. आठवड्यातून एकदा डबा उघडून पाच मिनिटं हवा द्या.

पेटी हातात आली की तिचा तळ बघा. तिथे ‘एचो एन कुबा, तोताल्मेंते आ मानो’, म्हणजे क्युबात पूर्णपणे हाताने बनवलेली, असा शिक्का असतो. शेजारी कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि पेटी भरल्याचा महिना नि वर्ष असतं, स्पॅनिशमध्ये: ‘एने’ म्हणजे जानेवारी, ‘आब्र’ म्हणजे एप्रिल, ‘आगो’ म्हणजे ऑगस्ट, ‘दिक’ म्हणजे डिसेंबर. तारीख गेल्या पाच-सहा महिन्यांतली असेल तर एक सिगार नाकाजवळ धरा. केसांच्या कलपासारखा झोंबणारा वास आला तर तो अमोनिया आहे. पान अजून आंबण्याच्या अवस्थेतून पुरतं बाहेर आलेलं नाही. तेव्हा आठवड्यांचा हिशोब सोडा आणि सहा महिने थांबा. पेटी वर्ष-दीड वर्ष जुनी असेल तर प्रवासाचा शीण तेवढा घालवायचा.

उन्हाळ्यात एक काम आवर्जून करा. तंबाखूला लागणाऱ्या तपकिरी किड्याची अंडी पानात दडून असू शकतात. तापमान पंचवीस अंशांच्या वर बराच काळ राहिलं की ती फुटतात, आणि आपल्या घरात मेमध्ये रात्रीही तीसच्या खाली येत नाही. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि खाली बारीक भुगा दिसला, तर कीड लागली. आल्या आल्या सिगार दोन हवाबंद पिशव्यांत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, आणि मग डब्यात. एकदम गोठवल्या किंवा एकदम बाहेर काढल्या तर आवरण तडकतं. याला खर्च शून्य.

मागवण्याबद्दल थोडं. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला आपल्या सामानात शुल्काशिवाय पंचवीस सिगार आणता येतात. त्यापुढे सीमाशुल्क भरावं लागतं, आणि ते भारी असतं. कुरिअरने मागवण्याच्या भानगडीत पडू नका. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सचित्र इशारा नसलेलं पाकीट विक्रीसाठी देशात आणता येत नाही, आणि २०१६पासून हा इशारा पाकिटाच्या मुख्य भागाच्या ८५ टक्के जागेवर लागतो. परदेशातल्या दुकानाने पाठवलेल्या पेटीवर तो नसतोच, त्यामुळे पार्सल अडकू शकतं आणि पैसेही. काचेच्या झाकणाच्या पेटीतली ‘कोहिबा’ या क्युबन ब्रँडची सिगार कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. कोहिबा अशा पेटीत कधीच येत नाही. नकली सिगार वर्षभर ठेवली तरी ती चांगली होणार नाही. २०२२मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या क्युबन सिगारच्या किमती त्या विकणाऱ्या कंपनीने जगभर वाढवल्या, तेव्हापासून नकली मालाचा मोहही वाढला आहे.

आणि हे मनापासून सांगतो: मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पूर्ण पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. धूर आत ओढला नाही तरी तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो. ओढत नसाल तर सुरू करू नका. ओढत असाल तर महिन्या-दोन महिन्यांतून एक, घरातल्या लेकराबाळांपासून दूर. अठरा वर्षांखालच्यांना विकणं गुन्हा आहे, आणि सार्वजनिक ठिकाणी ओढली तर दोनशे रुपयांपर्यंत दंड होतो.

पेटी आजच घरी आली असेल तर तळाची तारीख वहीत लिहा, तीन सिगारचं वजन टिपा आणि डबा बंद करा. पेटवायचा दिवस वजनाचा काटा सांगेल.