शिबिरांतील ऊन पाणी

सातारा व सांगली या भागांतील जुन्या घरांत न्हाणीच्या एका कोपऱ्यांत तांब्याचा बंब असे. मधोमध एक उभी नळी. तींत गोवऱ्या, लाकडाचे ढलपे किंवा कोळसे. नळीच्या सभोंवार पाणी. एका तोंडानें गार पाणी ओतावें, तों दुसऱ्या तोंडानें तितकेंच ऊन पाणी बाहेर यावें, अशी त्याची रचना. विस्तव पाण्याच्या पोटांत असल्यामुळें थोडक्या जळणांत बादल्या भरत.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेचें शिबिर कासच्या पुढें बामणोलीजवळ, शिवसागर जलाशयाच्या कांठीं पडलें होतें. तेथें बंबाऐवजीं गॅसवर चालणारें एक लहान फिरतें यंत्र नेलें होतें. पहांटे वारा झोंबत होता, म्हणून दोन विद्यार्थ्यांनीं ताडपत्रीचा आडोसा चोहों बाजूंनीं बंद करून यंत्र आंत घेतलें. थोड्याच वेळांत एकाचें डोकें दुखूं लागलें व पाय लटपटूं लागले. त्यास मोकळ्या हवेंत आणून नंतर दवाखान्यांत नेलें. तो बरा झाला, परंतु त्याचा सोबती आम्हांस म्हणाला, "सर, गॅसचा वास तर मुळींच येत नव्हता!" या उद्गाराचें उत्तर आम्हीं आदल्या रात्रींच द्यावयास हवें होतें. तें येथें देत आहों.

हें यंत्र म्हणजे बंबाचाच नातू होय. बंबांत विस्तवाभोंवतीं पाणी उभें असतें. यांत विस्तवावरून पाणी धांवतें. तांब्याची नागमोडी नळी ज्योतींच्या वर बसविलेली असते. तींतून पाणी वाहूं लागलें, कीं त्याच्या दाबानें एक पडदा सरकून गॅसची झडप उघडते व ठिणगी पडून ज्योत पेटते. पाणी थांबलें, कीं झडप मिटते. सिलिंडरमध्यें प्रोपेन व ब्यूटेन हे वायु दाबाखालीं द्रवरूपानें भरलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जवळपास. म्हणून कडाक्याच्या थंडींत ब्यूटेन आळसावतो, प्रोपेन आळसावत नाहीं.

आतां थोडें गणित. १५ लिटर पाणी २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापविण्यास १५ × २० = ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलोग्रॅम गॅस जळून सुमारें ११,००० किलोकॅलरी देतो. एक पंचमांश उष्णता वाया गेली असें धरलें, तरी एका बादलीस सुमारें ३४ ग्रॅम गॅस पुरतो. ५ किलोग्रॅमच्या सिलिंडरवर सुमारें १४५ बादल्या तापतील. धूर नाहीं, राख नाहीं, रानांतील लाकूड तोडणें नाहीं. मग चुकलें कोठें?

चुकलें तें आडोशांत. प्रोपेनचा एक भाग पुरता जळण्यास प्राणवायूचे ५ भाग, म्हणजे हवेचे सुमारें २४ भाग लागतात. तेवढी हवा मिळाली, तर कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ होते. बंद जागेंत प्राणवायु अपुरा पडला, कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्याच्याशीं २०० हून अधिक पट ओढीनें जडतें, आणि शरीर प्राणवायूस मुकतें. सिलिंडरमधील गॅसची गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन हें उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. गॅसबरोबर तेंही जळून जातें. मागें उरलेल्या विषाला ना वास, ना रंग. वासाची वाट पाहणारा मनुष्य फसतो तो येथेंच.

ही चूक नवी नव्हे. १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनीं गॅसवर पाणी तापविणारें यंत्र काढलें व आइसलंडांतील उष्णोदकाच्या फवाऱ्यावरून त्यास 'गीझर' हें नांव दिलें. जळलेला वायु बाहेर नेणारें धुराडें मात्र त्यास नव्हतें. म्हणून घरांत तें धोक्याचेंच ठरलें.

बंबाच्या निखाऱ्यांतूनही हाच वायु निघे. परंतु बंबाचा धूर डोळ्यांस झोंबे, आजी खोकत उठे आणि खिडकी उघडीत असे. धूर हा त्रास होता, तसा पहारेकरीही होता. निळी ज्योत पहारा करीत नाहीं. तो आतां आपणांसच केला पाहिजे.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, यंत्र उघड्यावर ठेवावें आणि आडोशांत केवळ ऊन पाण्याची नळी न्यावी. सिलिंडर उभा असावा. खळग्यांत नसावा, कारण हा गॅस हवेहून जड असून सखल जागीं सांचतो. ज्योत पिवळी दिसूं लागल्यास यंत्र बंद करावें. डोकें दुखलें किंवा भोंवळ आली, तर तत्काळ मोकळ्या हवेंत येऊन डॉक्टरांस दाखवावें. पालकांस आमची विनंति कीं, घरचा गॅसचा गीझरही न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेंत बसवावा.

दुसऱ्या दिवशीं मुलांनीं यंत्र उघड्यावर मांडलें व नळी तेवढी आडोशांत नेली. वारा तसाच झोंबत होता. पाणीही तितकेंच ऊन होतें.