घड्याळातला फोन आणि त्याचा वर्षाचा हिशेब



'घड्याळाला कसलं हो रिचार्ज? आधी चावी द्यायचो, मग सेल घालायचो, आता दर महिन्याला पैसे बी भरायचे?' आमच्या तात्यांचा हा सवाल. सवाल रास्त आहे. फोन करता येणारी मनगटी घड्याळे बाजारात आली आहेत आणि सणासुदीला मुले हौसेने ती आईवडिलांना आणून देतात. पण घड्याळाची किंमत एकदाच द्यावी लागते, सिमचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो. टनाला दर किती जाहीर झाला यापेक्षा तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय पडले, हे आपण पाहतो. इथेही तीच नजर हवी. या पाठात तो हिशेब मांडला आहे.

गरज का पडली

तात्यांनी चाळीस वर्षे ऊस केला. आता ऊस गावी धाकटा भाऊ बघतो आणि तात्या आमच्याकडे दहिवलीस, कर्जतला असतात. सवय जुनी, त्यामुळे पहाटे पाचला उठून उल्हास नदीच्या बाजूला फिरायला जातात. फोन नेत नाहीत. 'खिशात वजन कशाला?' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरला, घोटा मुरगळला. आम्ही घरून फोन लावतोय आणि फोन वाजतोय घरातच, फळीवर! दीड तासाने एका दूधवाल्याने त्यांना पाहिले.

आपल्या शिवारात काय वेगळे आहे? रात्रीच्या लायटीवर पाणी द्यायला जाणारा माणूस फोन मोटारीच्या खोलीत ठेवतो किंवा बांधावरच्या सदऱ्यात. आणि सरीत वाकलेला असताना पायाखाली काय येईल, सांगता येत नाही. फोन चांगला असतो, पण वेळेला जवळ नसतो. मनगटावरचा फोन हा त्यावरचा एक उपाय आहे.

घड्याळांचे तीन प्रकार

पहिला प्रकार ब्लूटूथवाल्या घड्याळाचा. यातून बोलता येते, पण फोन आसपास असेल तरच. मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर धरावे. याला सिम नाही, रिचार्ज नाही. फोन घरी राहिला की हे नुसते घड्याळ. पुष्कळ स्वस्त घड्याळांवर 'कॉलिंग' असे मोठ्या अक्षरात छापलेले असते, ती बहुतेक याच जातीची.

दुसरा प्रकार फोनचाच नंबर वापरणाऱ्या घड्याळाचा. यात कार्ड घालायची जागाच नसते, सिम आतच बसवलेले असते. त्याला ई-सिम म्हणतात. आपल्या देशात मे २०१८ मध्ये ॲपलचे असे घड्याळ एअरटेल आणि जिओ या दोन कंपन्यांच्या सेवेवर आले. त्यानंतर सॅमसंगचीही आली. याची अट अशी की मालकाकडे त्या घड्याळाला जुळणारा स्मार्टफोन हवा, आणि फोन व घड्याळ दोन्हींची सेवा एकाच कंपनीची हवी. ॲपलच्या घड्याळाला तर आयफोनच लागतो.

तिसरा प्रकार स्वतःचे कार्ड घेणाऱ्या घड्याळाचा. लहान मुलांसाठी आणि वृद्धांसाठी मिळणारी पुष्कळशी घड्याळे यात मोडतात. यात नखाएवढे नॅनो कार्ड बसते. घड्याळाला स्वतःचा नंबर मिळतो, सोबत स्मार्टफोन लागत नाही.

माझी चूक इथेच झाली. घाईघाईने दुसऱ्या प्रकारचे घड्याळ आणले. तात्यांकडे फोन बटणांचा, मग घड्याळ जोडणार कशाला? दुकानदाराने ते परत घेतले, पण पाचशे रुपये कापून. म्हणून पहिला नियम असा: आधी माणूस पाहा, मग रेंज पाहा, मग योजना, आणि घड्याळ सर्वांत शेवटी.

रेंज म्हणजे जमिनीचा कस

बेणे कितीही चांगले असो, जमीन कोणती हे आधी पाहावे लागते. घड्याळ लहान, त्याची अँटेना त्याहून लहान. फोनला जिथे एकच दांडी दिसते तिथे घड्याळ मुके होण्याचा संभव असतो. तेव्हा ज्या कंपनीचे सिम घालणार, त्या कंपनीचा एखादा फोन नेमक्या जागी नेऊन पाहावा. म्हणजे विहिरीजवळ, उसाच्या मधोमध, फिरायच्या वाटेवर. दहिवलीत घरी चार दांड्या दिसत होत्या, नदीच्या उतारावर दोनच. आम्ही तीन कंपन्यांचे फोन शेजाऱ्यांकडून मागून नेले तेव्हा हे कळले.

दुसरी खबरदारी. काही स्वस्त घड्याळे फक्त टूजीवर चालतात. जिओची सेवा २०१६ साली सुरू झाली ती फोरजीपासूनच, तिच्याकडे टूजी नाही. तेव्हा टूजीचे घड्याळ जिओच्या कार्डावर चालणार नाही. आणि घड्याळ फोरजी असले तरी 'व्होल्टी' म्हणजे फोरजीवरून बोलण्याची सोय आहे का, हे विचारावे. ती नसेल तर इंटरनेट चालते आणि कॉल लागत नाही, असा प्रकार होतो.

आता हिशेब

पुढील दर समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. रिचार्ज करताना त्या दिवसाचे दर विचारावेत. रीत मात्र हीच राहील.

(१) जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा एअरटेलची २८ दिवसांची एक योजना १९९ रुपयांना होती. आपण म्हणतो महिना दोनशे, वर्षाचे चोवीसशे. पण २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. १३ गुणिले १९९ म्हणजे २,५८७ रुपये, आणि तेही ३६४ दिवसांचे. दिवसाला ७ रुपये ११ पैसे पडले. (निदान एक योजना पूर्ण ३० दिवसांची ठेवावी, असा आदेश ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना दिला. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. ती योजना मागून घ्यावी.)

(२) ज्याला इंटरनेट नको, त्याला नुसत्या बोलण्याची योजना मिळाली पाहिजे, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ३६५ दिवसांची १,८४९ रुपयांची आणि जिओने ३३६ दिवसांची १,७४८ रुपयांची योजना आणली. वरवर पाहता जिओची १०१ रुपयांनी स्वस्त. पण दिवसांनी भागा. १,८४९ भागिले ३६५ म्हणजे ५ रुपये ७ पैसे, आणि १,७४८ भागिले ३३६ म्हणजे ५ रुपये २० पैसे. स्वस्त दिसणारी दिवसाला १३ पैशांनी महाग निघाली. म्हणून दुसरा नियम: आकडा पाहू नका, आकडा दिवसांनी भागा.

(३) दुसऱ्या प्रकारच्या घड्याळाला काही कंपन्या वेगळी आकारणी करतात, काही वेळा सुरुवातीचे महिने मोफत असतात. समजा आकारणी महिना ९९ रुपये आहे. बिलाच्या, म्हणजे पोस्टपेड जोडणीत छापलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ९९ चे ११६ रुपये ८२ पैसे झाले, वर्षाचे सुमारे १,४०२. मोफत महिने संपल्यावर काय लागेल, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसत्या बोलण्याच्या योजनेत इंटरनेट नसते. माणूस कुठे आहे हे नकाशावर पाहायचे असेल, तर इंटरनेट लागते. 'मी पडलोय, या' एवढेच सांगायचे असेल, तर साधा कॉल पुरतो. गरज कोणती, हे घरात बसून ठरवावे.

सर्वांत स्वस्त योजना फळीवर होती

एवढा हिशेब करून मी नवे सिम घ्यायला निघालो, तेव्हा तात्यांनीच अडवले. 'माझ्या फोनात दोन कार्डं हायत की. एक बँकेचं, एक गावाकडचं. गावाकडचं निस्तं पडून हाय.' खरेच होते. त्या दुसऱ्या कार्डाला आम्ही नंबर बंद पडू नये म्हणून दर २८ दिवसांनी पैसे भरत होतो, आणि त्यावर कॉल येत होता क्वचित. तेच कार्ड कंपनीच्या केंद्रावरून नॅनो आकारात बदलून घेतले आणि घड्याळात घातले. २८ दिवसांऐवजी वर्षाची बोलण्याची योजना घेतली. नवा खर्च शून्य, उलट २,५८७ चे १,८४९ होऊन ७३८ रुपये वाचले.

मात्र बँकेला, आधारला किंवा ऊसबिलाच्या संदेशाला जोडलेला नंबर घड्याळात घालू नये. घड्याळ पाण्यात पडले, हरवले तर ओटीपी येणार कुठे? ते कार्ड फोनातच बरे.

विश्वास टाकण्यापूर्वी

घड्याळ घेतल्यावर आठवडाभर परीक्षा घ्यावी. रोजच्या वाटेवरून कॉल करून पाहावा, पावसात आवाज येतो का पाहावे. घरातली तीन माणसे आणि ११२ हा मदतीचा नंबर भरून ठेवावा. मदतीचे बटण किती वेळ दाबायचे, हे वापरणाऱ्याच्याच हाताने करून घ्यावे. बॅटरी साधारण दिवसभरच पुरते असे धरून रोज रात्री एकाच ठिकाणी चार्जिंगला लावावे. सिम चालू आणि बॅटरी उतरलेली, तर सगळा हिशेब पाण्यात.

घरी करून पाहा: घरात एकूण किती सिम आहेत ते मोजा. प्रत्येकाचे पैसे किती आणि दिवस किती, ते वहीत लिहून भागाकार करा. कोणते कार्ड निस्ते पडून आहे, ते शोधा. घड्याळ घ्या अगर घेऊ नका, या भागाकाराने चार पैसे वाचतीलच.

तात्या आता पहाटे घड्याळ बांधून निघतात. सव्वापाचला नदीपाशी पोचले की एक कॉल येतो. 'पोचलो. ठेव.' दोनच शब्द. वर्षाचे १,८४९ रुपये या दोन शब्दांचे आहेत, आणि आम्हाला ते महाग वाटत नाहीत.