शब्दकोडी : यंत्राची चिन्हे व मुलांची अक्षरे

‘गरम’ या शब्दातील अक्षरांची अदलाबदल करून दुसरा शब्द सांगा, असे कोडे घातले असता मुले ‘मगर’ असे उत्तर देतात. संगणकाकडूनही हे काम लहानशा आज्ञावलीने करून घेता येते. त्यासाठी ओळीस एक शब्द अशी शब्दकोशाची फाईल लागते. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावावयाची. ‘गरम’ व ‘मगर’ या दोहोंपासून ‘ग-म-र’ हीच खूण मिळते व समान खुणेचे शब्द एका गटात पडतात. सहा भिन्न अक्षरांच्या ७२० मांडण्या तपासण्याचे कारण उरत नाही.

तथापि एक भेद ध्यानी ठेवावा. युनिकोड पद्धतीत काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे म्हणून साठविली जातात. मूल ‘वारस’ या शब्दात वा, र, स अशी तीन अक्षरे मोजते. यंत्र व, काना, र, स अशी चार चिन्हे मोजते. त्यामुळे यंत्र ‘वारस’ व ‘सराव’ हे एकाच गटात घालते. वस्तुतः ‘सराव’मध्ये ‘वा’ हे अक्षर नाही. यास्तव शब्द प्रथम अक्षरांत तोडावा, जोडाक्षर अखंड ठेवावे व मगच क्रम लावावा.

फाईलमध्ये नसलेला शब्द यंत्रास सापडत नाही. एवढ्यावरून मुलाचे उत्तर चूक ठरवू नये. घरच्या बोलीतील शब्द असल्यास शिक्षकाने त्याचा अर्थ विचारावा, अक्षरे जुळवून पाहावीत आणि तो फळ्यावर लिहून फाईलमध्येही घालावा.