संदर्भ : दुसऱ्याच्या श्रमाची नोंद

गेल्या वर्षी ट्युटोरियलसाठी मी ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकावर निबंध लिहिला. चार पाने मजकूर आणि खाली ऐटीत तळटीप : 'शिंदे ताराबाई, पुणे, १८८२'. वही परत देताना सरांनी एकच प्रश्न विचारला, "१८८२ ची प्रत तू कुठे पाहिलीस?"

मी गप्प. मूळ पुस्तक मी उघडलेसुद्धा नव्हते. उतारा एका गाइडमधला होता आणि तळटीपही त्यातलीच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. छापलेले वाक्य आपल्या वाक्यापेक्षा चांगलेच असणार, अशी माझी समजूत होती.

सरांनी मला ग्रंथालयात पिटाळले. तेथे जी प्रत मिळाली, ती स. गं. मालशे यांनी संपादून १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणलेली. मधे त्र्याण्णव वर्षे गेली होती. मी वाचली ती मालश्यांची प्रत. मग तळटीपही तिचीच हवी : शिंदे ताराबाई, 'स्त्री-पुरुष तुलना', संपा. स. गं. मालशे, मुंबई, १९७५. आणि शेवटी पृष्ठांक. आवृत्ती बदलली की पाने बदलतात, म्हणून आवृत्तीचे वर्ष हवेच. मूळ प्रकाशन १८८२ चे, हे निबंधात सांगावे.

त्यानंतर शिकलेल्या काही गोष्टी मित्रांसाठी नोंदवतो. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हे द्यावीत. विचार त्याचा आणि शब्द आपले असले, तरीही संदर्भ द्यावा. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला, तर 'उद्धृत' असे लिहून त्या पुस्तकाचे नाव सांगावे. त्यात कमीपणा नाही. लागोपाठ तोच ग्रंथ आला, तर 'तत्रैव' आणि पृष्ठांक पुरे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, अशा सर्वविदित गोष्टीला मात्र तळटीप लागत नाही. आणि टिपण काढतानाच पृष्ठांक लिहावा. मागाहून तो सापडत नाही, हा माझा अनुभव.

वडील बाजारात हमाली करतात. एकदा त्यांनी वाहिलेली पोती दुसऱ्याच्याच नावावर लिहिली गेली आणि दिवसाची मजुरी बुडाली. त्या रात्री ते जेवले नाहीत. सरांचा प्रश्न मी घरी सांगितला, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "म्हणजे तूपण दुसऱ्याची पोती आपल्या नावावर लिहिलीस की!"

तो निबंध मी पुन्हा लिहिला. चार पानांचा दीडच पान झाला. गुणही बेताचेच पडले. पण दुसऱ्यांचे ज्याचे त्याला दिल्यावर जी सात-आठ वाक्ये उरली, ती माझी होती.