पौर्णिमा आहे, हे मला ठाऊक होतं

गेल्या महिन्यात अंबडहून एका गृहस्थांचा फोन आला. निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघांनी शिडाच्या होडीतून कोकण किनारा फिरायचा, असं त्यांच्या मनात आहे. होडी किती फुटांची घ्यावी, इंजिन कोणतं बसवावं, शीड कुठे शिवून मिळतं, असे वीसेक प्रश्न त्यांनी विचारले. मागून त्यांच्या पत्नीचा आवाज येत होता, ‘अहो, वादळ आलं तर मी काय करायचं ते विचारा की.’ तो प्रश्न तेवढा राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी तो मागचा आवाज माझा होता. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही जालन्याचे. हे एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला होते, मी शाळेत भूगोल शिकवायचे. समुद्र घरापासून चारशे किलोमीटर. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्या बातम्या यांनी कापून वहीत चिकटवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे मुंबईत राहून हे शिडाची होडी चालवायला शिकले आणि मग आम्ही सव्वीस फुटांची, फायबरची, जुनी होडी घेतली. तळाखालच्या जड कण्यामुळे तिला तरंगायला सव्वा मीटर पाणी लागतं. जालना कुंडलिकेच्या काठी, आणि होडी ठेवायची त्या रेवदंड्याच्या खाडीला मिळणारी नदीही कुंडलिकाच. नद्या दोन, नाव एक. होडीला दुसरं नाव सुचलंच नाही.

मी मात्र काहीच शिकले नाही. ‘हे आहेत ना’ हे माझं उत्तर. माझ्याकडे स्वयंपाक, सामान आणि पाणी. पाण्याचं खातं तर मी अभिमानाने सांभाळलं. २०१२-१३च्या दुष्काळात ज्या बाईने जालन्यात घर चालवलं, तिला शंभर लिटरच्या टाकीत दहा दिवस काढायला कुणी शिकवावं लागत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा. अंघोळ तशीच. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीत. पिण्याचं पाणी टाकीत न ठेवता पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये, म्हणजे एखादा फुटला किंवा खारट झाला तरी बाकीचे शाबूत. दिवसाला दोघांचं मिळून नऊ लिटर, रोज वहीत नोंद. इतकी हिशेबी बाई मी, आणि ज्या पाण्यावर होडी तरंगत होती त्याचा हिशेब कधी केला नाही.

माघी पौर्णिमेचा दिवस. आम्ही दिघीला, राजपुरीच्या खाडीत नांगरून होतो. लेक, जावई आणि नातू पुण्याहून आंजर्ल्याला यायचे होते. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन आणि संध्याकाळी खाडीत आमची भेट, असा बेत. दिघीहून तिथवर अठ्ठावीस-तीस सागरी मैल. पहाटे चारला निघालो असतो तर जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर अर्धी वाट सहज कापली असती. आम्ही चहा-पोहे करून नऊला निघालो. तोवर मतलई पडली होती. दुपारपर्यंत इंजिनावर. श्रीवर्धन गेलं, हरिहरेश्वर गेलं आणि बाणकोटसमोर वायव्येचा खारा वारा उठला. वारा पाठीशी असला की त्याचा जोर कळत नाही, होडी जणू आपणहून पळते. आम्ही खुशीत होतो. केळशी ओलांडली तेव्हा लेकीचा फोन आला, ‘पोचलो, बाळ विचारतंय होडी कुठाय.’

सकाळी कॅलेंडर पाहून मी यांना म्हटलं होतं, ‘आज पौर्णिमा आहे.’ हे ‘बरं’ म्हणाले. आमच्या घरी पौर्णिमा म्हणजे सत्यनारायण. उधाण हा शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला, पण त्या सकाळी तो आठवला नाही.

साडेचारला आम्ही आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी आलो. हे मुख गाळाने भरत चाललंय, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. नकाशावरची खोली गेल्या पावसाळ्यातल्या वाळूला माहीत नसते. पौर्णिमेची ओहोटी, तिचा शेवटचा तास. खाडीतलं पाणी जोरात बाहेर येत होतं, त्याच्या तोंडावर वायव्येच्या लाटा आत ढकलत होत्या. अशा ठिकाणी लाट उभी राहते, आखूड आणि खडी. पण आम्हाला ती दिसलीच नाही. समुद्राकडून येणाऱ्याला फुटणाऱ्या लाटेची फक्त पाठ दिसते, गुळगुळीत. फेस पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला असतो. लेकीला पुळणीवरून सगळं पांढरं दिसत होतं, आणि ती आम्हाला ‘या’ म्हणून नाही, ‘येऊ नका’ म्हणून हात करत होती.

पहिला दणका कण्याला बसला. दुसऱ्या लाटेने होडी आडवी फिरवली. शिडाखालची आडवी काठी, बूम म्हणतात ती, एका बाजूची दुसऱ्या बाजूला आली आणि यांच्या खांद्यावर बसली. हे कॉकपिटमध्ये पडले. कॉलरबोन मोडलं होतं, शुद्ध होती, पण तोंडातून शब्द फुटेना. आणि मी उभी. इंजिन मागे कसं घ्यायचं मला माहीत नव्हतं. शीड खाली घ्यायची दोरी सातांपैकी कोणती, माहीत नव्हतं. रेडिओचं बटण दाबून धरायचं की सोडायचं, माहीत नव्हतं. दर लाटेला होडी उचलली जायची आणि वाळूवर आपटायची. सुकाणू तुटल्याचा आवाज अजून कानात आहे.

हर्णैजवळच्या वस्तीतले कोळी छोट्या सपाट होडीतून आले. लेकीने पुळणीवरून धावत जाऊन त्यांना सांगितलं होतं. यांना त्यांनी उतरवलं, जावयाने गाडीने दापोलीला नेलं. होडी भरती चढल्यावर रात्री ओढून काढली. पैसे घेतले नाहीत, डिझेलसुद्धा आम्ही बळेबळे भरून दिलं. त्यांच्यातला वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, मला म्हणाला, ‘वहिनी, तीन-चार किलोमीटर खाली सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकून बसला असता, तर भरती चढल्यावर आम्हीच तुम्हाला आत आणलं असतं. एवढी घाई कशाची?’

या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळ दिवस शोधलं. आपण जमिनीची माणसं. शेतात असताना आभाळ भरून आलं की घराकडे पळायचं, हे अंगात मुरलेलं असतं. समुद्रावर वारा वाढला, दिवस कलला की तेच अंग म्हणतं, किनारा गाठ. पण होडीला खोल पाणी म्हणजे घर आणि किनारा म्हणजे दगड. लहान होड्यांचं नुकसान बहुतेकदा आत शिरताना होतं, उथळात, मुखाशी. म्हणून, आत जायचं की नाही याची शंका आली तर बाहेर राहायचं. आडोसा असेल तर नांगर टाकावा, नसेल तर किनाऱ्यापासून पाच-सहा मैल लांब शीड आवरून रात्र काढावी. रात्र नकोशी जाते, पण जाते. निघण्यापूर्वी आम्ही आता वहीत दोन नावं लिहितो: जायचं ते ठिकाण, आणि ते जमलं नाही तर जायचं ते. दुसरं नाव कोणत्याही भरतीत, कोणत्याही वाऱ्यात शिरता येईल असंच हवं. दिघी, जयगड, विजयदुर्ग अशी खोल बंदरं त्यासाठी. लेकीला आम्ही कुठे भेटू ते सांगतो, कधी ते सांगत नाही.

भरतीचं गणित आपल्या घरातल्या कॅलेंडरवर आहे. तिथीचे पाऊणपट करा, येतील तेवढ्या वाजता मुंबईच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती आणि साधारण सहा तासांनी, सव्वापाचला, ओहोटीचा तळ. आम्ही साडेचारला पोचलो होतो! वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला भरती थोडी आधी येते आणि कमी चढते: मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवण-गोव्याकडे दोन-अडीच मीटर. हा आडाखा आहे. होडी नेताना भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्तेच वापरा, पण तक्ता उघडायची आठवण तिथी करून देते. पौर्णिमा-अमावास्येला ओढ सगळ्यात जोरात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी शांत असतं. नवख्यांनी नवी खाडी भांगात, चढत्या भरतीत, सकाळच्या मंद वाऱ्यात पाहावी, तीही आदल्या दिवशी तिथल्या तांडेलाशी बोलून. चढतं पाणी असेल तर वाळूला टेकलेली होडी तासाभरात सुटते. उतरत्या पाण्यात टेकलात तर पाणी पुन्हा तेवढं चढेपर्यंत तिथेच.

आता बायकांसाठी, आणि त्यांच्या नवऱ्यांनीही वाचावं. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून ‘तारिणी’तून निघाल्या आणि आठ महिन्यांत जगाला वळसा घालून आल्या. दोघीच. दोघांच्या होडीवर खरं तर एका वेळी एकच माणूस असतं. दुसरं झोपलेलं असतं. त्या एकाला सगळं यायला हवं. यांचं हाड जुळेपर्यंत मी शिकले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. आता आमच्याकडे एक दिवस हे तांडेल, एक दिवस मी. माझ्या दिवशी हे सुकाणूला हात लावत नाहीत आणि न विचारता बोलत नाहीत. सगळ्यात अवघड धडा हाच होता. दोऱ्यांना मी रंगीत दोरा गुंडाळलाय, रेडिओजवळ मराठीत कागद चिकटवलाय: चॅनल १६, बटण दाबून बोला, सोडून ऐका, आधी होडीचं नाव, मग कुठे आहोत, मग काय झालं. खाली तटरक्षक दलाचा १५५४.

आणखी एक गोष्ट करून बघा, नांगरलेल्या होडीवर, शांत पाण्यात. नवऱ्याला पाण्यात उतरवा आणि शिडीचा आधार न घेता वर काढून दाखवा. माझं वजन बावन्न किलो, यांचं ऐंशी. मला ते तसूभरही हलवता आले नाहीत. ओले कपडे घातलेलं माणूस हाताने वर येत नाही, हे त्या दिवशी दोघांनाही कळलं आणि दोघंही गप्प झालो. मग कप्प्यांची दोरी आणली, आणि नियम केला: अंधार पडला की, वारा वाढला की, आणि एकटं वर असताना केव्हाही, कमरेचा पट्टा होडीला बांधलेला. लाइफ जॅकेट घातलेलं असतं, ठेवलेलं नसतं.

रात्रीचा प्रवास लांबून वाटतो तितका सोपा नाही. जाळी पसरलेली असतात, त्यांचे तरंगते डबे अंधारात दिसत नाहीत, आणि पंख्यात दोर अडकला की इंजिन गेलं. जाळं कापणं म्हणजे कुणाची तरी महिन्याची कमाई कापणं. शक्यतो दिवसाउजेडी फिरा. हंगामही लांबवू नका. मासेमारी १ जूनला बंद होते म्हणून मेअखेरपर्यंत मुभा आहे असं समजू नका. ‘तौक्ते’ चक्रीवादळ मेच्या मध्यावर, १७ मे २०२१ला, किनाऱ्याजवळून गेलं आणि ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ला आलं. आमची होडी १ मेच्या आत जमिनीवर येते, आणि दिवाळीनंतरही हवामान खात्याचा अंदाज पाहिल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. प्रत्येक बंदरात सागरी पोलिसांना आपण होऊन भेटा, ओळखपत्रं दाखवा. १९९३ला श्रीवर्धनजवळ शेखाडीला मुंबईतल्या स्फोटांची स्फोटकं उतरली, त्यानंतर या किनाऱ्याला अनोळखी होडी दिसली की प्रश्न पडणारच.

आणि एक ठराव, लग्नाच्या गाठीइतका पक्का: दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटलं की होडी जात नाही. कारण विचारायचं ते संध्याकाळी, नांगर टाकल्यावर. आंजर्ल्याच्या त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता. मी बोलले नाही, कारण मला सिद्ध करता आलं नसतं. आता सिद्ध करावं लागत नाही.

अंबडच्या त्या गृहस्थांना मी होडीच्या फुटांबद्दल काही सांगितलेलं नाही. आधी एक अख्खा हंगाम दुसऱ्यांच्या होडीवर हात बसवा म्हटलं, दोघांनीही. आणि पुढचा फोन ताईंनी करावा. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून ठेवलंय, दोन पानं झालीत.