चित्रातील अनोळखी माणूस

चित्रावरून लिहावयाचे म्हणजे चित्रात जे जे दिसते त्याची यादी करावयाची, हा समज आपल्याकडे शाळेतच रुजतो. 'चित्रवर्णन करा' या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनीच कधी ना कधी लिहिलेले आहे. चित्रात एक नदी आहे, नदीकाठी झाड आहे, झाडाखाली गुराखी बसला आहे. गुण मिळतात, लेखन मात्र झालेले नसते. गुराखी कोणाची वाट पाहत आहे, हे विचारावयास कोणी सांगितलेलेच नसते.

मूळ ग्रंथात या प्रकरणासाठी युरोपातील चित्रसंग्रहालयांची उदाहरणे घेतली होती. ती चित्रे ज्याने कधी पाहिली नाहीत त्याला त्यांवरून लिहावयास सांगणे व्यर्थ होय. म्हणून ती उदाहरणे वगळून कुंभकोणम येथील उदाहरणे येथे नव्याने घातली आहेत. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या या गावात आपल्या विषयाला लागणाऱ्या दोन्ही प्रकारच्या प्रतिमा हाकेच्या अंतरावर सापडतात. एक प्रकार नाव ठाऊक असलेल्यांचा, दुसरा नाव हरवलेल्यांचा.

पहिला प्रकार रामस्वामी मंदिरात. सतराव्या शतकात तंजावरचे नायक राजे रघुनाथ यांच्या काळात उभारलेल्या या मंदिराच्या प्रदक्षिणामार्गावरील भिंतीवर रामायण रंगविलेले आहे. चित्रांच्या ओळी एकाखाली एक आहेत. चालत चालत कथा वाचावयाची. येथे वही घेऊन बसणाऱ्या नवशिक्याची फसगत ठरलेली. धनुष्य दिसले की तो 'सीतास्वयंवर' असे लिहितो आणि पुढची दोन पाने त्याने लहानपणी ऐकलेली असतात, भिंतीवर पाहिलेली नसतात. नाव कळले की डोळे मिटतात; ओळखणे पाहण्याची जागा घेते.

मग अशा सुपरिचित चित्रापुढे लेखकाने काय करावे? याचे उत्तर भवभूतीने बाराशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहत आहेत. शूर्पणखेचे चित्र येताच सीता दचकते आणि हे केवळ चित्र आहे, अशी तिची समजूत घालावी लागते. चित्रे पाहता पाहता तिला पुन्हा वनात जाण्याची, भागीरथीत उतरण्याची इच्छा होते. त्याच इच्छेचे निमित्त होऊन तिला वनात सोडले जाते. सारे नाटक या चित्रदर्शनातून उगवले आहे.

परंतु आपल्या अभ्यासाला अधिक उपयोगी पडणारा क्षण त्याआधीचा, आणि फार लहान आहे. विवाहाचे चित्र दाखवीत असता लक्ष्मण इतर वधूंची नावे सांगतो आणि ऊर्मिलेपाशी येऊन गप्प होतो. ही आणखी कोण, असे सीता थट्टेने विचारते. लक्ष्मण लाजतो आणि बोट पुढच्या चित्राकडे नेतो. चित्रात ऊर्मिला आहे. बोट तिला ओलांडून गेले आहे. परिचित चित्रावरून लिहू पाहणाऱ्याने नेमके येथे थांबावे. आपले बोट कोणाला ओलांडून गेले, हा पहिला प्रश्न.

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे म्हणून एक अलीकडचा इतिहास सांगतो. तो याच गावापासून सुरू होतो. १८२८ साली कुंभकोणम येथे एका देशस्थ मराठी कुटुंबात टी. माधवराव यांचा जन्म झाला. तंजावरच्या भोसल्यांबरोबर आणि त्यांच्या मागून या मुलुखात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी ते एक. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविलेल्या माधवरावांनी १८८४ साली चित्रकार राजा रविवर्मा यांना पत्र लिहून सुचविले, की त्यांच्या निवडक चित्रांच्या रंगीत छापील प्रती युरोपात काढवून घ्याव्यात. पुढे दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. दमयंती, शकुंतला, लक्ष्मी, सरस्वती मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर आल्या त्या अशा.

भिंतीवर चित्र आले की त्यावरून लिहिणाराही येतोच. हिंदीत 'सरस्वती' मासिकाचे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी यांनी चित्रे देऊन त्यांवर कवींकडून कविता लिहवून घेतल्या. त्यांपैकी बरीचशी चित्रे रविवर्म्यांची होती. १९०९ साली अशा कवितांचा 'कविता-कलाप' हा संग्रह निघाला. त्यात तरुण मैथिलीशरण गुप्तही होते. चित्रावरून लेखनाचा आपल्या देशातील हा एक मोठा, सुसंघटित प्रयोग होय. आणि तरीही माझ्या मते त्या उपक्रमाची मर्यादा तीच, जी रामस्वामी मंदिरातील नवशिक्याची. चित्राचे नाव आधीच छापलेले होते, कथा आधीच ठाऊक होती. कवीला पाहण्याची फारशी गरज उरली नव्हती.

गंमत अशी की याच द्विवेदींनी १९०८ साली ऊर्मिलेविषयी कवींनी दाखविलेल्या उदासीनतेवर लेख लिहिला होता. रवींद्रनाथांनी काव्यातील उपेक्षितांवर त्याआधीच लिहिले होते. ती टोचणी मैथिलीशरणांना लागली. त्यांचे 'साकेत' १९३१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात ऊर्मिलेला तिची जागा मिळाली. नाव असलेल्या चित्रावर लिहिलेल्या कविता आज अभ्यासकच चाळतात. ओलांडल्या गेलेल्या बाईवरचे काव्य वाचले जाते.

रविवर्म्यांच्याच एका चित्रावर हा अभ्यास करून पाहता येईल. शकुंतला पायात काहीतरी रुतल्याचा बहाणा करून मागे वळून पाहत आहे. ती ज्याच्याकडे पाहते तो दुष्यंत चित्रात कोठेच नाही! चौकटीबाहेरच्या माणसाने चौकटीतील प्रत्येक रेषा ओढून धरली आहे. विद्यार्थ्याने येथे दुष्यंताचे नावही न घेता एक पान लिहावे. त्याहून अवघड हवे असल्यास शकुंतलेला सोडून द्यावे आणि जिच्या खांद्याचा तिने आधार घेतला आहे त्या सखीच्या बाजूने लिहावे. बहाणा तिला कळला असेल काय? कळून ती गप्प का राहिली?

आता दुसरा प्रकार. नागेश्वरस्वामी मंदिर चोळांच्या आरंभीच्या काळातील, पहिल्या आदित्याच्या वेळचे, म्हणजे नवव्या शतकाच्या अखेरीचे. त्याच्या जोत्यावर रामायणातील प्रसंग तळहाताएवढ्या पट्टांत कोरले आहेत; पण पाहणाऱ्याची पावले थबकतात ती भिंतीतल्या कोनाड्यांपाशी. तेथे देवतांबरोबर काही स्त्रीपुरुषांच्या मूर्ती उभ्या आहेत. सडपातळ, स्वस्थ, भिंतीतून अर्धवट पुढे आलेल्या. हे राजघराण्यातील लोक असावेत, असे काही अभ्यासक मानतात. रामायणातील पात्रे असावीत, असे काही. एकमत झालेले नाही. इतिहासकाराची ही अडचण लेखकाच्या पथ्यावर पडते.

मी तेथे एका स्त्रीमूर्तीपुढे वही घेऊन बसलो होतो. पापण्या झुकलेल्या, एक हात मांडीजवळ सैल सोडलेला. पहिल्याच ओळीत मी 'राणी' हा शब्द लिहिला, आणि त्या एका शब्दामागून महाल, दासी, विरह, चंद्र अशी सारी मिरवणूक निमूटपणे कागदावर आली. पान भरले. वर मान केली तेव्हा समोरच्या दगडात त्यातले काहीच नव्हते. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाने स्वतःविषयी बाळगलेल्या काही कल्पना त्या पानाबरोबर फाडाव्या लागल्या.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो, आणि तो वाचकाने आजमावून पाहावा. पहिली पंधरा मिनिटे लेखणी खाली ठेवावी. मग केवळ नामे आणि क्रियापदे टिपावीत, विशेषणे नकोत. 'सुंदर' हा शब्द आला की आपण पाहणे थांबविले, असे समजावे. व्यक्तीला पदवी, जात, नाते यांपैकी काहीही देऊ नये. नंतर त्या क्षणाच्या थोडे आधी काय झाले असेल ते लिहावे. चित्र एक क्षण थांबवून धरते. त्याच्या अलीकडे जाण्याची वाट मोकळी असते. पुढे काय झाले, हे शक्यतो लिहू नये, कारण तेथे शेवट गाठण्याची घाई होते आणि ऐकीव कथा पुन्हा आत शिरते. देवळे दूर असतील तर घरातील जुना सामूहिक फोटो पुरे. लग्नाच्या फोटोत कडेला उभी असलेली, जिचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही अशी एखादी बाई बहुतेक प्रत्येक घरात असते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच कोनाड्यापाशी गेलो. या वेळी पान अर्धेच भरले. त्यात एक बाई होती, अंगणात वाळत घातलेले भात राखत उभी. कोणीतरी तिला हाक मारली होती आणि तिने अजून मान वर केलेली नव्हती.